अतोनात म्हणजे किती फूट

जळालेल्या, रिकाम्या, दाराच्या जागी नुसती चौकट उरलेल्या घरात शिरतानाही घोलप बाहेर थांबत आणि मोठ्याने विचारीत, "येऊ का?" आत उत्तर द्यायला कोणी नसे. ते क्षणभर वाट पाहत, मगच पाय टाकीत. मी एकदा न राहवून विचारले, "घोलपसाहेब, कोणाची परवानगी घेता?" ते म्हणाले, "घर आहे ना, जगतापराव. पडलं म्हणून गोठा झाला का त्याचा?"

मधुकर घोलप यांच्याविषयी चार ओळी कोणीतरी लिहून ठेवणे आवश्यक आहे. येथील मराठी मंडळी सुशिक्षित आहेत; बहुतेक डॉक्टर, उरलेले संगणकवाले. त्यांच्या स्मरणिकेत गणपतीची छायाचित्रे येतात, देणगीदारांची नावे येतात. घोलपांचे नाव कोठेही आले नाही आणि येणारही नाही. तेव्हा हे काम माझ्यावर येते. मी फलटणच्या तहसील कचेरीबाहेर एकवीस वर्षे अर्ज लिहिले. पत्नी परिचारिका म्हणून डब्लिनला आली, तिच्यामागून मी आलो. माझे शिक्षण अकरावीपर्यंतचे, तेही अपुरे. परंतु अर्ज म्हणजे काय हे मला पदवीधरांपेक्षा अधिक कळते, आणि ते मी कोणापुढेही म्हणेन.

घोलपांचा व्यवसाय लोकांना समजावून सांगावा लागे. घराच्या विम्याच्या करारात कधीकधी एक कलम असते. नुकसान झाले हे कंपनीला मान्य आहे, पण ते किती झाले यावर एकमत होत नाही, अशा वेळी न्यायालयात न जाता घरमालकाने आपला एक जाणकार नेमायचा, कंपनीने आपला एक नेमायचा, आणि त्या दोघांनी मिळून एक तिसरा पंच निवडायचा. तिघांपैकी दोघांच्या सह्या ज्या आकड्याखाली पडतील तो आकडा दोघांवर बंधनकारक. घोलप घरमालकाच्या बाजूने उभे राहत. इंग्रजीत या कामाला भारदस्त नाव आहे. ते स्वतःला मापारी म्हणवीत. "बाजार समितीत पोती मोजतो तो मापारी. शेतकरी कर्जात का गेला, हे त्यानं विचारायचं नसतं. पोतं किती भरलं, एवढंच."

हे त्यांचे मुख्य वचन होते. किती ते सांगायचे, का ते नाही. आग का लागली, नळ का फुटला, खिडकी कोणी उघडी ठेवली, हे ते कधीही विचारीत नसत. कोणी सांगू लागले तर हात वर करून थांबवीत. कारण मान्य झालेले असते तोवरच मापाला अर्थ असतो, कारण पुन्हा उकरले की माप बाजूला पडते आणि वकील येतात, असे त्यांचे म्हणणे होते.

आमची ओळख माझ्या एका मसुद्यावरून झाली. कासलबारच्या रुग्णालयातील एका डॉक्टरांच्या घराचे छत गळून खालची खोली खराब झाली होती. निवेदन मी लिहिले. माझी पद्धत अशी, की प्रथम मराठीत मजकूर पक्का करावा आणि मग तो इंग्रजीत उतरवावा. डॉक्टरांनी तो मजकूर घोलपांकडे पाठवला. दोन दिवसांनी घोलप स्वतः माझ्या दारात उभे. बुटकी, वाळकी मूर्ती, कानामागे पेन्सिल, खिशात लाकडी घडीची मोजपट्टी. त्यांनी कागद माझ्यासमोर पसरला आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"अतोनात म्हणजे किती फूट?"

मी म्हणालो, "साहेब, ती भाषेची पद्धत आहे. अतोनात नुकसान, असंच म्हणतात."

"म्हणू द्या. मला छत बदलायचंय. सुतार विचारेल, किती? त्याला अतोनात सांगू?"

माझ्यादेखत त्यांनी अकरा विशेषणे खोडली. 'हृदयद्रावक' खोडताना तर पेन्सिलीचे टोक मोडले. फलटणमध्ये माझ्या मसुद्याला मामलेदाराने हात लावला नव्हता. मला राग आला, आणि तो बराच काळ टिकला.

त्याच प्रकरणात मी त्यांना काम करताना पाहिले. कंपनीचा माणूस होता डोनल, कॉर्ककडचा, लाल गालांचा, प्रत्येक वाक्याअखेरीस 'ग्रँड', म्हणजे 'उत्तम', म्हणणारा. दोघांची एक रीत ठरलेली होती. एकाने मोजणी वरच्या मजल्यावरून सुरू करायची, दुसऱ्याने स्वयंपाकघरातून. मध्ये एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाही. जिन्यावर गाठ पडली की आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या बदलायच्या. घोलप भिंतीवर बोटाचे पेर वाजवीत, कान लावीत, प्लास्टरचा वास घेत. ओल्या भिंतीविषयी ते म्हणत, "ही अजून बोलत नाही. आठ दिवसांनी येतो." आणि आठ दिवसांनी खरोखर चार तासांचा प्रवास करून येत.

डॉक्टरांनी यादीत काश्मिरी गालिचा लिहिला होता. घोलपांनी गालिचा उलटा केला, पाठीवरची पट्टी वाचली.

"डॉक्टर, हा पानिपतचा आहे."

"काका, दिसायला सेमच असतो हो. आणि एवढा प्रीमियम भरतोय आपण."

"तुम्ही रिपोर्टात पेशंटला नसलेला आजार लिहिता का?"

"तसं नाही, पण..."

"मग मलाही लिहायला सांगू नका. हात लावला तेवढंच लिहितो मी."

डॉक्टर महिनाभर घोलपांशी बोलले नाहीत. परंतु डोनलने त्यांची उरलेली यादी डोळे मिटून मान्य केली, छतासह. चिठ्ठी वाचून तो मला म्हणाला होता, "हा गृहस्थ एकदा मोजतो. मग मी कशाला मोजू?" विरुद्ध बाजूच्या माणसाने विश्वास ठेवावा, ही घोलपांची एवढीच मिळकत होती, आणि त्यावरच त्यांची चूल चालत होती.

त्यानंतर त्यांनी मला कामे दिली. मी निवेदन लिहायचे, त्यांनी पेन्सिल चालवायची. ते गाडीत बसून डबा खात, चपाती आणि लसणाची चटणी, आणि अर्धी चपाती न विचारता माझ्याकडे सरकवीत. माझ्या मजकुराविषयी "ठीक आहे" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून यावेत अशी माझी इच्छा होती. ते आले नाहीत.

आता संदीपचे प्रकरण सांगतो. मला ते सांगायचे नाही, पण त्यावाचून घोलप कळणार नाहीत.

संदीप ठाकरे नागपूरचा संगणक अभियंता, डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरात एका वसाहतीत त्याचे घर. पत्नी पल्लवी. वर्ध्याहून त्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला कायमचे येथेच ठेवावे असा त्याचा बेत होता. मागची, बागेकडची खोली तिची. नवरात्रात आईने घटस्थापना केली आणि अखंड दिवा लावला. आठव्या दिवशी घराला आग लागली. स्वयंपाकघर गेले आणि त्याच्यावरची आईची खोली निम्मी जळाली.

आग दिव्याने लागली हे अग्निशामक दलाने लिहिले होते आणि कंपनीने ते स्वीकारले होते. भांडण होते फक्त आईच्या खोलीवरच्या छताचे. डोनलचे म्हणणे, वासे वरवर काळे पडले आहेत, धुऊन रंगवा. घोलपांचे म्हणणे, आतून कोळसा झाला आहे, बदला. तेवढ्यासाठी पंच नेमायचे ठरले. संदीप, पल्लवी आणि आई तोवर दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत होती. निकाल बाजूने लागला तर आईची खोली उभी राहणार होती. नाही लागला तर तिला परत पाठवावे लागणार होते, कारण तिला दम्याचा त्रास होता आणि धुराने माखलेल्या लाकडाखाली तिला निजवणे शक्य नव्हते.

आईला आगीचे कारण ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी तिने घोलपांना विचारले होते, "कायनं लागली व भाऊ?" आणि घोलप, जे हात लावल्याशिवाय एक खिळा लिहीत नसत, ते तिच्याकडे न पाहता म्हणाले होते, "वायर जुनी होती, आई." मी शेजारीच उभा होतो. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "आईंसमोर कारण काढायचं नाही. लिहिताना हवंच असेल तर मला आधी दाखवा." मी हो म्हणालो. संदीपनेही आम्हा दोघांना हे पुन्हा पुन्हा बजावले होते.

पंचांपुढे ठेवायचे निवेदन मी चार दिवस लिहिले. संदीपने मला विश्वासाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी घोलपांनी विचारली नव्हती आणि म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. त्या संध्याकाळी घरात कोणीच नव्हते. सगळे मंडळाच्या भोंडल्याला गेले होते. पल्लवीने दिवा विझवायला सांगितले होते. आईने हो म्हणून तो वाऱ्यापासून जपायला स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटात, येथे ज्याला प्रेस म्हणतात त्यात, ठेवला आणि दार लोटून घेतले. कंपनीने याविषयी विचारले नव्हते, संदीपने सांगितले नव्हते. मला मात्र त्यात एक वाक्य दिसले. 'अर्जदाराच्या वयोवृद्ध मातोश्रींनी अखंड दीप वाऱ्याने विझू नये म्हणून तो जपून प्रेसमध्ये ठेवला, आणि सर्व कुटुंब देवीच्या उत्सवास गेले असता त्याच पवित्र ज्योतीने घर भस्मसात केले.' हे वाक्य वाचून कोणाचेही मन द्रवेल असे मला वाटले. आजही वाटते, हेच वाईट आहे.

मसुदा घेऊन मी संदीपच्या जागेवर गेलो, तेव्हा तो कामावर होता, पल्लवीही कामावर होती. आई एकटी. तिने चहा केला, मग कागदाकडे पाहून म्हणाली, "काय लिवलं व भाऊ? वाचा बरं."

तहसील कचेरीबाहेर माझा एक नियम होता. अर्ज ज्याच्या घरचा, त्या घरच्या वडीलधाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय खाली सही घ्यायची नाही. 'वाचून दाखविले, बरोबर आहे' ही ओळ मी हजारो अर्जांखाली लिहिली. नियमच असा, असे मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितले. खरे असे आहे, की या देशात आल्यापासून माझा मसुदा कोणी ऐकलेला नव्हता. तरुण मंडळी "मेल करा, बघतो" म्हणतात. घोलप ऐकत नसत, खोडत. आणि ती माउली पदर सावरून, हात जोडून बसली होती, जणू पोथी ऐकायची आहे. घोलपांचे शब्द मला आठवले. तरी मी वाचले, आणि चांगले वाचले.

भस्मसातपर्यंत आलो, तेव्हा तिने हात सोडले होते.

"म्हंजे दिव्यानं लागली? मले तं वायर सांगतली होती."

मी कागद घडी करू लागलो.

"माह्या दिव्यानं," ती म्हणाली. "सूनबाई नाही म्हने. मीच ठेवला तिथं."

मी म्हणालो, "आई, ती अर्जाची भाषा असते. मनावर घेऊ नका." चहा माझ्यासमोर तसाच राहिला.

तो मसुदा कोठेही दाखल झाला नाही. त्याची गरजच उरली नाही.

चार दिवसांनी सर्वजण जळक्या घरात जमले. पंच म्हणून एक निवृत्त वास्तुरचनाकार बाई होत्या. पांढरे केस, पायात रबरी बूट. बाहेर झिमझिम पडत होती. घोलपांनी नेहमीप्रमाणे "येऊ का?" विचारले, तर डोनलनेही हसून मान लववली. घोलपांनी वाशाला गिरमिटाने भोक पाडून आतला भुसा बाईंच्या तळहातावर ठेवला. भुसा काळा होता. बाईंनी तो बोटांनी चोळला आणि डोनलकडे पाहिले. डोनलने ओठ आवळले. मला वाटले, झाले.

तेवढ्यात आई पुढे आली. घरी राहा म्हणून सांगितले होते, पण ती हट्टाने गाडीत बसली होती. लुगड्यावर संदीपचे मोठे जाकीट. प्रेस जेथे होते त्या काळ्या भिंतीला तिने हात लावला आणि बाईंकडे वळून बोलू लागली.

"माह्या हातून झालं, बाई. दिवा मीच ठेवला. आमाले काही नको. लेकराले माह्या बोल लावू नका."

बाईंनी संदीपकडे पाहिले. संदीप जमिनीकडे पाहत होता. मग त्यांनी घोलपांकडे पाहून विचारले, त्या काय म्हणतात?

मी घोलपांना इतकी वर्षे ओळखत होतो. त्यांना उत्तराला उशीर लागलेला मी तेवढाच एकदा पाहिला. ते म्हणाले, "त्या कारण सांगताहेत. आपण मापासाठी आलो आहोत."

हे अक्षरशः खरे होते. मला वाटते, आयुष्यभर त्या वाक्याचा सराव त्यांनी त्या क्षणासाठीच केला असावा.

पण आईला कोणी समजून घेत नाही असे वाटले. तिने दोन्ही तळव्यांची पणती केली. ती पणती उचलून भिंतीत ठेवली. नसलेले दार हाताने लोटले. मग सगळ्या घराकडे बोट फिरवून पंजा हलवला. कोणी नव्हते. कोणीच नव्हते. आणि शेवटी स्वतःच्या छातीवर थाप मारली.

याला दुभाष्या लागला नाही. डोनलने खिशातून वही काढली. "सॉरी, मधू," तो म्हणाला, "हे मला लिहून घ्यावं लागेल." त्याने त्या दिवशी ग्रँड म्हटले नाही.

मोजणी तेथेच थांबली. बाई बूट चिखलात दाबत गाडीकडे गेल्या. अंगणात संदीपने आम्हा दोघांना गाठले.

"काका, आईला कोणी सांगितलं? तुम्हाला मी शंभर वेळा म्हटलं होतं ना?"

मी तोंड उघडण्यापूर्वी, माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहून, घोलप म्हणाले, "मसुदा माझ्या सांगण्यावरून वाचून दाखवला. चूक माझी आहे."

"तुम्ही? तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं, काका." एवढेच म्हणून तो आईला गाडीत बसवायला गेला.

मी गप्प राहिलो. माझ्यापाशी पाच तऱ्हांची प्रास्ताविके आणि समारोप तयार असतात. मी गप्प राहिलो.

कंपनीचे पत्र पुढे आले. घराची वाजवी काळजी घेतली गेली नाही, सबब दाव्याचा पुनर्विचार. तथापि सद्भावनेने अमुक रक्कम. संदीपने ती घेतली, भाडे दर महिन्याला जात होते. वासे धुऊन रंगवले. त्या खोलीत आता कपडे वाळवण्याचे यंत्र आणि प्रवासी बॅगा आहेत. आई काम सुरू होण्यापूर्वीच वर्ध्याला गेली. तिकडे ती सांजवात लावत नाही म्हणे. जाऊ लावते, आणि दिवा लागेपर्यंत ही अंगणात जाऊन उभी राहते.

घोलपांविरुद्धही कंपनीचे एक पत्र गेले. घरमालकाच्या जाणकाराने विचारल्यावर भाषांतर टाळले, असे त्यात होते. तक्रार डोनलने केली नव्हती. त्याने फक्त वहीत लिहिलेले वरिष्ठांना दिले होते, आणि खोटे काही लिहिले नव्हते. ज्यांच्याकडून घोलपांना कामे येत त्यांनी ती पाठवणे थांबवले. ज्याच्या शब्दावर समोरचा न मोजता सही करतो, त्याच्या एका न बोललेल्या वाक्याची किंमत अशी होते. मराठी मंडळींत दुसरीच कथा पसरली, की म्हाताऱ्याने केस घालवली. पानिपतच्या गालिच्याचे डॉक्टरही ती सांगतात. मी त्यांच्या तोंडून ती ऐकली आहे आणि तेव्हाही चहा पीत राहिलो आहे.

वर्ष उलटून गेल्यावर मी आईला पत्र लिहिले. तीन पाने. ते पाठवण्यापूर्वी घोलपांना दाखवावे असे मनात आले. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडले, आत घेतले नाही, पण दारातच चष्मा चढवून पत्र वाचले. पेन्सिल कानामागे होती. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते, की माझ्यामुळे आपणांस अतोनात दुःख झाले. त्यांची नजर तेथे थांबलेली मला दिसली. मी वाट पाहिली. त्यांनी विचारावे, किती? मी सांगणार होतो. निदान तेवढी तयारी करून गेलो होतो.

पेन्सिल खाली आली नाही. त्यांनी तिन्ही पाने माझ्याच घड्यांवर दुमडली आणि परत दिली.

"ठीक आहे," ते म्हणाले.

ते पत्र माझ्या खणात आहे. ज्या कागदाला ते ठीक आहे म्हणाले असा तो एकच, आणि तो मला टपालात टाकवला नाही.

मी पायरी उतरलो. दाराशेजारी कुंडीत टोमॅटोचे रोप होते, आणि त्याला आधार म्हणून ती लाकडी मोजपट्टी मातीत खोचून सुतळीने बांधलेली होती. आकडे पावसाने फिकट झाले होते. मी पाहतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण दार लावता लावता ते म्हणाले, "वारा फार असतो इथं. मोडतं."